पहिली भेट मायक्रोब्रुअरीत ठेवा

घरी बिअर बनवायची आवड असलेल्या मुंबईकरांचा गट काढायचा, 'दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमू, प्रत्येकाने आपण बनवलेली बाटली आणायची', ही कल्पना ऐकायला झकास आहे. पण आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आणि बिअर बनवायला परवाना लागतो, मग ती घरच्यापुरती का असेना. खिशातला पिण्याचा परवाना इथे कामाचा नाही.

त्यापेक्षा अंधेरी किंवा लोअर परळच्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत (जिथे बिअर तिथेच बनवून विकतात) जमा. गर्दी नसेल तेव्हा आधी विचारून गेलात तर टाक्या बघायला मिळू शकतात. माल्टचे (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचे) दोन-तीन प्रकार चावून बघा: फिका माल्ट बिस्किटासारखा गोडसर, काळा भाजलेला थेट कॉफीसारखा कडू. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) तळहातावर चोळून हुंगा.

आणि गप्पांचा पहिला विषय यीस्ट ठेवा, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारी बुरशी. एल प्रकारच्या बिअरच्या नेहमीच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात, मेमध्ये आपलं स्वयंपाकघर तिशीपार. मग बिअरला उग्र, स्पिरिटसारखा वास येतो. नॉर्वेचं क्वाइक नावाचं यीस्ट मात्र ३५ अंशांतही मजेत काम करतं (थंड देशाचं असून!).

रविवार नको, लोकलचा मेगाब्लॉक असतो. शनिवारी दुपारी ठरलं तर मी बोरिवलीहून येतो.