मेल बाहेर पाठवण्याआधी पत्ता तपासावा का?

सर्व्हरवाला:
बाहेर जाणाऱ्या मेललाही पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये 'रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपिअंट' (पत्ता खरा आहे का ते आधी तपासणारं सेटिंग) लावावं, असं माझं ठाम मत आहे. पत्त्यात एक अक्षर चुकलं तरी आपला सर्व्हर मेल मुकाट घेतो आणि बाऊन्स, म्हणजे मेल पोचला नसल्याची सूचना, नंतर येतो. तो कित्येक जण उघडतही नाहीत, मेल पोचला असंच समजतात. तपासणी चालू असली की सर्व्हर आधी समोरच्याला गाठतो, 'आरसीपीटी टू'पर्यंत (मेल कोणासाठी ते सांगणाऱ्या आज्ञेपर्यंत) जातो आणि मजकूर न देताच परततो. पत्ता नसेल तर पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. नकाराचा कोड मुळात 450 (तात्पुरता नकार) असतो, तो 550 (कायमचा नकार) करायचा. शिवाय उत्तर कॅशेत, म्हणजे सर्व्हरच्या तात्पुरत्या नोंदीत, राहतं: सापडलेला पत्ता 31 दिवस, न सापडलेला 3 दिवस.

रांगेतला:
साफ विरोध. समोरचा लगेच हो किंवा नाही म्हणेल, हे तुम्ही गृहीत धरलंत. ग्रेलिस्टिंग लावलेले सर्व्हर अनोळखी सर्व्हरला आधी तात्पुरता नकार देतात. मेल रांगेत असता तर आपल्या सर्व्हरने थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला असता. आरएफसी 5321 या मेल पाठवण्याच्या मानकानुसार तर निदान 4-5 दिवस प्रयत्न चालू ठेवायचे असतात. तपासणीत मात्र तो तात्पुरता नकार थेट पाठवणाऱ्याच्या मेल प्रोग्रामकडे जातो. तुमचा 550 इथे कामाचा नाही, कारण तो कायमच्या नकारासाठी आहे. पत्ता अचूक, तरी माणसाला दिसते एरर, आणि पुन्हा पुन्हा 'पाठवा' दाबणं त्याच्या गळ्यात. हे काम सर्व्हरचं आहे!

लॉगवाचक:
आणि समोरून हे कसं दिसतं? पत्ते हुडकणारे स्पॅमवाले अगदी असंच करतात: येतात, पत्ता विचारतात, मजकूर न देता जातात. 'व्हीआरएफवाय' ही पत्ता खरा आहे का ते विचारणारी आज्ञा बहुतेकांनी बंद ठेवली ती यांच्यामुळेच. फार वेळा तपासाल तर ब्लॅकलिस्टमध्ये जाल, असा इशारा पोस्टफिक्सच्याच माहितीत आहे. मग खरे मेलही अडकतील. कॅच-ऑल डोमेन तर कुठल्याही पत्त्याला हो म्हणतात, तिथे तपासून हाती काहीच येत नाही.

सर्व्हरवाला:
ब्लॅकलिस्टचा धोका मान्य. म्हणून सरसकट नको, 'चेक_रेसिपिअंट_अॅक्सेस'च्या तक्त्यात निवडक डोमेन लिहून तेवढ्यांनाच लावू. पण चुकलेला पत्ता तासाभराने कळणं मला अजूनही चालणार नाही. महत्त्वाचा मेल असेल तर तेवढ्यात नुकसान होऊन जातं.

रांगेतला:
त्या तक्त्यात आपलीच डोमेन असतील तर आनंदाने लावा. पुढच्या रिलेवर (बाहेरून आलेला मेल घेऊन आपल्या आतल्या सर्व्हरकडे देणाऱ्या सर्व्हरवर) ही तपासणी हवीच, किंवा मग खऱ्या पत्त्यांची यादी तरी हवी. नाहीतर आपण खोट्या पत्त्यांवरचा स्पॅम घेतो आणि त्याचे बाऊन्स ज्यांनी काही पाठवलंच नाही अशा लोकांवर लादतो. बाहेरच्यांना मात्र हात लावू नका. नसलेल्या पत्त्याला समोरचा 550 देतो तेव्हा बाऊन्स तासाने नाही, बहुधा काही सेकंदांत येतो. लोक तो उघडत नाहीत कारण त्यातलं त्यांना कळत नाही. 'बाऊन्स_टेम्प्लेट_फाइल', म्हणजे बाऊन्सच्या मजकुराचा साचा, वापरून तो सोप्या मराठीत लिहा.

सर्व्हरवाला:
साचा आजच बदलतो. दोन भागीदार संस्थांची डोमेन मात्र तक्त्यात ठेवणार. त्यांच्या अॅडमिनना आधी विचारून.