पेपरचा मालक सिनेटर कसा झाला? (वॉरन हार्डिंग)

कोलंबसकर:
आईबाबा आलेत. नायगारा झाला, मॉल झाले, म्हणून शनिवारी ओहायोतल्याच मॅरियन गावी, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या हार्डिंगचं घर पाहायला नेलं. बाबा रमले ते घरामागच्या छोट्या घरात. १९२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात बातमीदारांची सोय तिथे होती. परतताना विचारतात, "'मॅरियन स्टार'चा मालक वॉशिंग्टनला पोचला कसा? गडगंज होता का?" मला काही सांगता येईना.

जुना जुळारी:
कसला गडगंज! १८८४ मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, दोन मित्रांना घेऊन ३०० डॉलरला बुडीत पेपर घेतला. पेपरसोबत रेल्वेचा पास आला. गडी तो घेऊन थेट शिकागोला, रिपब्लिकन अधिवेशनाला! परत येतो तर शेरीफने पेपर ताब्यात घेतलेला. मग डेमोक्रॅटांच्या पेपरात नोकरी धरली, तिथे रिपब्लिकनांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे, ब्लेनचे, गोडवे गायला म्हणून हाकललं. शेवटी वडिलांच्या मदतीने 'स्टार' परत मिळवला.

माझे वडील ट्रेडलवर (पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर) पत्रिका आणि हँडबिलं छापायचे, मीही खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवलेत. म्हणून मला त्याची एक गोष्ट फार जवळची वाटते. छापखान्यातली पितळी पट्टी तो राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही खिशात बाळगायचा. बाकी धंदा बायकोने सावरला. १८९४ ला हा बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात, तेव्हा फ्लॉरेन्सबाईंनी वितरण हातात घेतलं, पेपर टाकणारी पोरं वळणावर आणली. त्यातलाच एक नॉर्मन थॉमस, पुढे सहा वेळा समाजवादी पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार!

आता बाबांच्या प्रश्नाचं. हार्डिंगचा बातमीदारांना नियम होता: प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात, दोन्ही आणा. निरपराध माणसाची बेअब्रू नको. गावात दुखावलेलं कोणी नाही (सासरा सोडून). १९१४ ला ओहायोच्या लोकांनी पहिल्यांदाच थेट मतांनी सिनेटर निवडला तो हाच, त्याआधी ते काम विधिमंडळाचं. असा माणूस थेट मतांना चालणारच. पण सिनेटमध्ये नाव घ्यावं असं काही केलं नाही, हेही खरं. कोणाला 'नाही' म्हणायची सवय नसली की पेपर चालतो. राज्य चालवताना मित्रच गळ्याशी येतात. टीपॉट डोम आठवा, त्याच्या कारकिर्दीतला सरकारी तेलसाठ्यांच्या लाचखोरीचा घोटाळा.

चष्मिष्ट:
थोडी भर. १९२० ला त्याच्यासमोर उभा राहिलेला जेम्स कॉक्सही ओहायोचाच, डेटनच्या पेपरचा मालक आणि १९०९ ते १९१३ प्रतिनिधीगृहाचा सदस्य. कोणीही जिंको, व्हाइट हाउसात पेपरवालाच जाणार होता.

कोलंबसकर:
जुळारीकाका, सगळं वाचून दाखवलं. बाबांनी चहा संपवला आणि एवढंच विचारलं, "पेपर गेला, मग तो रेल्वेचा पास परत केला का त्याने?"

जुना जुळारी:
बाबा नक्की रेल्वेतून रिटायर झालेत!