'स्किल नाही म्हणून नोकरी गेली' म्हणे!

लेथवाला: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "जागतिकीकरणाने कुणाचं वाटोळं झालं नाही, ज्यांनी स्किल वाढवलं नाही ते मागे पडले." उत्तर देणार नव्हतो, पण झोप लागेना. २२ वर्षं टर्नर होतो, लेथ मशीनवर धातू कापायचो, मायक्रॉनात माप धरायचो. काम परदेशी गेलं तेव्हा माझं स्किल कमी पडलं नव्हतं, पगार जास्त पडला होता. चीन डिसेंबर २००१मध्ये डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत आला. असेमोग्लू, ऑटर वगैरे अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे की १९९९ ते २०११मध्ये चिनी आयातीमुळे अमेरिकेत २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या. एवढे सगळे एकदम आळशी झाले काय?

मुक्तबाजारी: आणि चीनमध्ये कोट्यवधी लोक दारिद्र्यातून वर आले, ती माणसं नव्हेत? अर्थतज्ज्ञ मिलानोविचचा हत्तीचा आलेख बघा: १९८८ ते २००८मध्ये जगातल्या गरिबापासून श्रीमंतापर्यंत कुणाचं उत्पन्न किती वाढलं, त्याची रेघ हत्तीसारखी दिसते. हत्तीची पाठ म्हणजे आशियातला नवा मध्यमवर्ग. तुम्हाला फक्त तुमचा लेथ दिसतो.

लेथवाला: पाठ दाखवलीत, सोंडेचं टोक विसरलात. तिथे जगातले वरचे १ टक्का बसलेत. आणि सोंड जिथे खाली वाकते तिथे श्रीमंत देशांतले कामगार.

सांजवात: थोडं अवांतर. नोकरी गेल्यावर मला ५२व्या वर्षी फेरप्रशिक्षणाला बसवलं. शिकवणारा २४ वर्षांचा. तीन दिवस 'स्वतःची बलस्थानं लिहा'. शेवटी लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. नोकरीच्या जाहिरातीत मात्र 'वय ३५पर्यंत'!

फाइलकुमार: मी असे वर्ग घेतो. निम्मे लोक भत्त्यासाठी येतात, मागच्या बाकावर घोरतात. प्रमाणपत्राला नावं ठेवणं सोपं आहे.

सांजवात: घोरणारच! जिथे नोकरी नाही तिथलं शिकवता, आणि वर आम्हालाच ऐकवता?

मुक्तबाजारी: मूळ विषय राहिला बाजूला, सगळे लॅमिनेशनवर घसरले. डेन्मार्क बघा: कामावरून काढणं सोपं, पण भरभक्कम बेकारी भत्ता आणि प्रशिक्षण. म्हणजे स्किलच ना शेवटी?

लेथवाला: आधी भत्ता, मग स्किल! तुम्ही भत्ता गाळून सांगत होतात. जर्मनीत पोरं आठवड्यातले काही दिवस कंपनीच्या मशीनवर शिकतात, पगार घेऊन. अमेरिकेत व्यापारामुळे बेकार झालेल्यांसाठी १९६२पासून योजना होती, जुलै २०२२पासून नवे अर्ज घेणं बंद. व्यापार करार चालू, मलमपट्टी बंद.

मुक्तबाजारी: बरं बाबा, नुकसानभरपाई कमी पडली, मान्य. आता आयात बंद करून स्वस्त मोबाइल परत करणार का?

लेथवाला: आयात बंद करा असं कुठे म्हटलंय? वाचता की नुसते भांडता?

सांजवात: फाइलकुमार, उत्तर राहिलं. तुमच्या वर्गातल्या किती जणांना त्याच कामाची नोकरी लागली?

फाइलकुमार: आकडा कुणी ठेवला नाही. हजेरीचा ठेवायचो, त्यावर बिल निघायचं. आणि हो, सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, फळ्यावरच शिकवलं. मशीन आलंच नाही, खडू आले.