मदत हवी आहे: जुना ३० वॉट स्टिरिओ ॲम्प्लिफायर, गरम झाला की डावा चॅनल फाटतो (नागपूर)

गच्चीवरचा_रेडिओ
नमस्कार मंडळी. १९८० च्या दशकातला देशी बनावटीचा ॲम्प्लिफायर घरीच दुरुस्तीला घेतला आहे. दर चॅनलला ३० वॉट, आउटपुटला दोन-दोन २एन३०५५ (पॉवर ट्रान्झिस्टर). सप्लाय एकच, ५८ व्होल्टचा. सप्लायचा फिल्टर कंडेन्सर ४७००/६३ (मायक्रोफॅरड/व्होल्ट), स्पीकरच्या वाटेत २२००/५०. सर्किट मिळालं नाही म्हणून बोर्डावरून हाताने काढलं. पहिला ट्रान्झिस्टर बीसी१५७. त्याच्या बेसला सप्लायकडून आधी २२ के (किलोओहम), मग ८२ के, आणि बेसपासून जमिनीला १०० के. २२ के आणि ८२ केच्या जोडावर ४७ मायक्रोफॅरड. व्हॉल्यूमचा सिग्नल १० मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधून बेसला येतो.

तक्रारी तीन. दोन्ही स्पीकरमधून हम (सततची घुरघुर), व्हॉल्यूम शून्यावर ठेवला तरी तितकीच. वीसेक मिनिटांनी डावा चॅनल आवाज वाढवला की फाटतो, उजवा साफ. आणि व्हॉल्यूम फिरवताना डाव्या बाजूला खरखर, कॉन्टॅक्ट क्लीनर मारूनही जशीच्या तशी.

डाव्या बाजूचे २एन३०५५ गेले असं समजून बर्डीवरून (सीताबर्डी बाजार) चार नवे आणायचे का?

कंडेन्सर_काका
आणू नका भाऊ, इतक्यात तरी नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर बहुतेक शॉर्ट होतो आणि फ्यूज घेऊन जातो. वीस मिनिटं नीट वाजून मग फाटत असेल तर व्होल्टेज सरकत आहे. ते कुठे सरकतं हे मीटरच सांगेल.

आधी सिरीज बोर्ड करा. फेजच्या वायरमध्ये ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, कारण बल्बची तार तापून तिचा अवरोध वाढण्यावरच सगळं चालतं. ॲम्प्लिफायर चालू केल्यावर बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर पुढे जा. लख्खच राहिला तर लगेच बंद करा, आत कुठेतरी शॉर्ट आहे.

हात घालण्याआधी मोठा फिल्टर रिकामा करायचा. ५८ व्होल्टला ४७०० मायक्रोफॅरडमध्ये जवळपास ८ जूल असतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढू नका, टर्मिनलही खराब होतं आणि कंडेन्सरही. ४७० ओहम ५ वॉटचा रेझिस्टन्स १५ सेकंद धरा आणि मीटरने शून्य आलं का ते पाहा.

मग ही मापं द्या. सप्लाय डीसी. त्याच टोकांवर एसी रेंजमध्ये रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर). दोन्ही चॅनलचा मधला बिंदू, म्हणजे २२०० च्या अलीकडचं टोक, थंड असताना आणि २५ मिनिटांनी. व्हॉल्यूम मध्यावर ठेवून त्याचा वायपर (सरकणारा मधला संपर्क) ते जमीन डीसी, दोन्ही बाजूंना. रिपल मोजताना मीटरच्या तारेत १ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर सिरीजमध्ये घ्या. स्वस्त मीटर एसी रेंजमध्ये डीसीही मोजून भलताच आकडा दाखवतात.

मेडिकल_चौक
इतकी मापं कशाला? चाळीस वर्षांचा माल आहे, सगळे इलेक्ट्रोलिटिक एकदमच बदला. बोर्डावर वीस-पंचवीस असतील, एका रविवारचं काम.

धंतोलीची_सोल्डर
दादा, शेवटी बरेचसे बदलावे लागतीलच, पण सुरुवात तिथून नको. त्या काळचे बोर्ड एका बाजूच्या तांब्याचे, खाकी फेनॉलिकचे. जास्त वेळ आयर्न टेकला की पट्टी उचलते. पंचवीस जागी सोल्डर काढताना एक-दोन पट्ट्या तुटणं किंवा एखादा कंडेन्सर उलटा बसणं सहज होतं. मग जुना दोष कुठला आणि नवा कुठला हे कळत नाही. आधी मोजा, एक बदला, पुन्हा मोजा.

आयर्न २५ वॉटचा, सोल्डर ६०/४०, जुनं सोल्डर काढायला तांब्याची वात. मोठ्या फिल्टरच्या जाड टॅगसाठी मात्र ६० वॉटचा लागेल.

गच्चीवरचा_रेडिओ
मापं घेतली. सिरीज बोर्डावर बल्ब मंद होतो. सप्लाय ५८.१ व्होल्ट, रिपल ०.८ व्होल्ट. मधला बिंदू थंड असताना उजवा २९.३, डावा २८.८. पंचवीस मिनिटांनी उजवा २९.२, डावा १९.१. वायपरवर उजवीकडे ४ मिलिव्होल्ट, डावीकडे गरम झाल्यावर १.१ व्होल्ट.

कंडेन्सर_काका
उत्तर तुमच्या शेवटच्या आकड्यात आहे. व्हॉल्यूमच्या वायपरवर डीसी असायलाच नको. तिथे १.१ व्होल्ट म्हणजे डाव्या बाजूचा १० मायक्रोफॅरड गळतो आहे.

हिशेब असा. बेसला वरून १०४ के, खालून १०० के, म्हणजे दोन्ही समांतर धरून सुमारे ५१ के. त्यातून ०.२ मिलिॲम्पिअर बाहेर गळाला की बेस १० व्होल्टने खाली येतो. डीसीला या सर्किटचा गेन (किती पट वाढ) १ च असतो, म्हणून मधला बिंदूही तेवढाच उतरतो: २९ चा १९. खालच्या बाजूला जेमतेम १७ व्होल्ट झुलायला उरतात, आणि ८ ओहमला १८ वॉटच्या पुढे लाटेचा खालचा भाग कापला जातो. फाटणं ते हेच.

तोच ०.२ मिलिॲम्पिअर व्हॉल्यूमच्या कार्बन ट्रॅकमधून जमिनीला जातो. डीसी वाहणारा ट्रॅक कितीही स्वच्छ असला तरी फिरवताना खरखरणारच, त्यामुळे क्लीनरचा उपयोग झाला नाही. दोन तक्रारी, गुन्हेगार एक. वीस मिनिटं लागतात कारण बोर्ड हीटसिंकला चिकटून आहे आणि इलेक्ट्रोलिटिकची गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. नागपूरच्या मे महिन्यात हेच दहा मिनिटांत दिसेल.

खात्री हवी असेल तर त्या कंडेन्सरचा एक पाय उचलून २५ मिनिटं चालू ठेवा. डावा २९ वर टिकला की झालं.

बदलताना पुन्हा इलेक्ट्रोलिटिक घालू नका. ५१ केपुढे १ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा पॉलिएस्टर फिल्म लावला तरी ३ हर्ट्झपर्यंतचा सिग्नल जातो, आणि तो गळत नाही. उजवीकडचाही बदला, आज ना उद्या तोही त्याच वाटेने जाईल.

धंतोलीची_सोल्डर
हमचं मी सांगते. दोन्ही चॅनल शांत असताना सगळा सेट साधारण १०० मिलिॲम्पिअर घेतो. चांगल्या ४७०० वर तेवढ्या करंटला रिपल ०.०६ ते ०.०७ व्होल्ट यायला हवा. तुमच्याकडे ०.८ आहे, म्हणजे ४७०० मधले चारशेही उरलेले नाहीत. तो बदलायचाच.

पण ६३ व्होल्टचा घेऊ नका. मेन्सची लाइन २३० व्होल्ट असताना तुमचा सप्लाय ५८ आहे. लाइन दहा टक्के चढून २५३ झाली की तो ६३.८ होतो. म्हणून ४७००/८० किंवा ४७००/१००, १०५ डिग्रीचा. जास्त चांगलं म्हणून १०,००० घालायचा मोह होतो, तो टाळा. चालू करतानाचा धक्का आणि डायोडवरचा क्षणिक करंट दोन्ही वाढतात.

बेसच्या वाटेतला ४७ मायक्रोफॅरडही दोन्ही बाजूंचा बदला. त्याचं काम सप्लायचा रिपल बेसपर्यंत जाऊ न देणं. तो सुकला की हम थेट इनपुटला मिळते आणि गेनने वाढून बाहेर येते. त्याच्यावर ५२ व्होल्ट असतात, म्हणून १०० व्होल्टचा घ्या.

बर्डीवर घेताना कॅपॅसिटन्स मोजणारा मीटर सोबत न्या. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला माल चकचकीत दिसतो.

मेडिकल_चौक
मान्य. पण २एन३०५५ ची व्हीसीईओ (कलेक्टर-एमिटरमधली कमाल मर्यादा) ६० व्होल्ट आणि सप्लाय ५८. बदलायची वेळ आली तर काय घालायचं?

कंडेन्सर_काका
चांगला मुद्दा. जुने ठीक असतील तर राहू द्यावेत. बदलायचेच झाले तर एमजे१५००३: १४० व्होल्ट, २० ॲम्पिअर, तेच टीओ-३ कवच, भोकंही तीच. जोडीने बदला. २एन३०५५ च्या नावाने कवचात लहानशी चिप घालून विकलेला माल बाजारात खूप आहे, म्हणून फारच स्वस्त मिळाला तर घेऊ नका.

बसवताना नवा मायका वॉशर, दोन्ही बाजूंना पातळ थर्मल पेस्ट. मग ट्रान्झिस्टरचं कवच ते हीटसिंक मीटरने पाहा. कंटिन्युइटी आली तर सप्लाय देऊ नका, कवच म्हणजेच कलेक्टर आहे.

गच्चीवरचा_रेडिओ
१० मायक्रोफॅरडचा पाय उचलला, डावा २९ वर टिकला. सांगितलेले सगळे बदलले. आता रिपल ७० मिलिव्होल्ट, डावा मधला बिंदू तासाभरानंतर २९.१, खरखर गेली, हम कान स्पीकरला लावल्याशिवाय येत नाही. चालू करताना ‘धप्’ आवाज मात्र येतो. आणि बायसचा प्रीसेट (शांत असतानाचा करंट ठरवणारा छोटा व्हेरिएबल रेझिस्टन्स) काळा पडलाय, २२० ओहमचा, दोन डायोडच्या सिरीजमध्ये. हात लावू का?

धंतोलीची_सोल्डर
‘धप्’ राहणारच. २२०० चा कंडेन्सर स्पीकरमधूनच २९ व्होल्टपर्यंत भरतो, ही या रचनेची रीत आहे.

प्रीसेट मात्र नक्की बदला. सिरीजमधल्या प्रीसेटचा वायपर सुटला तर बायस थेट वर जातो आणि दोन्ही २एन३०५५ तापून जळतात. २२० ओहमचा झाकणबंद मल्टिटर्न (अनेक फेऱ्यांचा) प्रीसेट घ्या, वायपर एका टोकाला जोडा आणि सिरीज बोर्डावर, कमीत कमी ओहमवर ठेवून सुरू करा. इनपुट शॉर्ट, व्हॉल्यूम शून्य. एमिटरच्या ०.४७ ओहम रेझिस्टन्सवर १२ मिलिव्होल्ट म्हणजे २५ मिलिॲम्पिअर, तेवढे पुरेत. त्या जागी प्रीसेट किती ओहमवर आहे ते बंद करून, एक पाय मोकळा ठेवून मोजा. त्याच्या दीडपट पक्का रेझिस्टन्स प्रीसेटला समांतर टाका आणि पुन्हा १२ वर आणा. पुढे कधी वायपर सुटला तर सेट तापेल, पण जळणार नाही.

शेवटचं माप सिरीज बोर्ड काढून, झाकण लावून, अर्ध्या तासाने घ्या. हिवाळ्यात बायस लावला असेल तर मे महिन्यात पुन्हा तपासा.

कंडेन्सर_काका
कूलरच्या हवेच्या झोतात सेट ठेवू नका. ती ओल आणि धूळ सिलेक्टर स्विचचे चांदीचे कॉन्टॅक्ट काळे करते. हीटसिंकच्या मागे दहा सेंटिमीटर जागा सोडा. कूलर बंद करताना स्पीकरमध्ये ‘टक’ येत असेल तर कूलरच्या स्विचवर ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ (मेन्ससाठीचा कंडेन्सर) आणि १०० ओहम सिरीजमध्ये लावा. तिथे साधा कंडेन्सर चालत नाही, २७५ व्होल्ट एसी असं छापलेला एक्स२ च हवा.