अकरावीला एकच कादंबरी: 'क्लारा अँड द सन' आठ आठवड्यांत कशी बसवायची?

खाडीपलीकडे:
देवगड तालुक्यातलं कनिष्ठ महाविद्यालय. 42 मुलं, बहुतेक मराठी माध्यमातली. माणसाचं यंत्राशी नातं या विषयावर सगळ्यांनी मिळून इशिगुरोंची ही कादंबरी (2021) वाचायची ठरली आहे. प्रती 8, आठवड्याला 2 तास. "यंत्राला भावना नसतात" म्हणून मुलं पहिल्याच तासाला मोकळी होतील, ही धास्ती. सुरुवात कुठून करावी?

वेंगुर्ला_वाचनकट्टा:
सर, भावनांचा प्रश्न पहिले तीन आठवडे फळ्यावर येऊच देऊ नका. वहीच्या पानाचे दोन भाग करा: 'दिसलं' आणि 'ठरवलं'. दुकानाच्या काचेतून क्लाराला (ही मुलांना सोबत करणारी यंत्रमानव) भिकारी आणि त्याचा कुत्रा निपचित पडलेले दिसतात, मग उन्हात पुन्हा जिवंत दिसतात. ती स्वतः उन्हावर चालते, म्हणून ऊन माणसालाही बरं करतं हा तिचा निष्कर्ष. सूर्य रात्री शेजारच्या मॅकबेनच्या कोठारात मुक्कामाला जातो, हेही, ज्या आजारी जोसीसाठी तिला विकत घेतात तिच्या घराच्या खिडकीतून तसं दिसतं म्हणूनच. आपल्याकडे तो रोज समुद्रात बुडतो! मुलांना हे पटकन कळतं. थोड्या उदाहरणांवरून नियम बांधला की यंत्र कुठे घसरतं, तेही इथेच सांगून होतं.

5-6 मुलांना एक प्रत. तासाला 10 मिनिटं मराठीत गोषवारा, 15 मिनिटं मूळ इंग्रजी मोठ्याने (तीनच पानं), बाकी वेळ वही. सगळं पुस्तक वर्गातच वाचायचा हट्ट धरलात तर दुसऱ्या भागातच गाडी रुतेल. आणखी एक, 'एएफ' (आर्टिफिशियल फ्रेंड, म्हणजे क्लारासारखं यंत्र), 'लिफ्टेड' (जनुकं बदलून हुशार केलेली मुलं) हे शब्द लेखक मुद्दामच लगेच उलगडत नाही. हे आधी सांगा, नाहीतर आपलं इंग्रजी कच्चं म्हणून कळत नाही असं समजून मुलं गप्प बसतात.

ओहोटी:
पावसात लाइटचा भरवसा नाही, म्हणून चॅटबॉट कागदावर करा. 1966 मध्ये संगणकतज्ज्ञ वायझेनबाम यांनी 'एलिझा' हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम मांडला, तिचे नियम चिठ्ठीवर मावतात: 'मी'चं 'तू' करून वाक्य प्रश्न म्हणून परत द्यायचं, 'आई' शब्द आला की "घरच्यांबद्दल आणखी सांग", काहीच जुळलं नाही तर "मग?" एक मूल यंत्र, दुसरं बोलणारं, 5 मिनिटं. मराठीत गोची क्रियापदाची: "मी थकलोय"चं "तू थकलायस का?", पण "मी थकलेय"चं "तू थकलीयस का?" दोन्ही रूपं चिठ्ठीवर लिहून द्या. बोलायला विषय परीक्षा किंवा क्रिकेट. नायतर तास गजालींत जातलो.
नंतर सांगा, की वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीला हा नुसता प्रोग्रॅम आहे हे ठाऊक होतं, तरी एलिझाशी बोलताना तिने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं.

खाडीपलीकडे:
दोघांचेही आभार. जोसीच्या आईचा प्रसंग कसा हाताळू?

वेंगुर्ला_वाचनकट्टा:
धबधब्याच्या सहलीत आई क्लाराला जोसी होऊन बोलायला लावते, तोच ना? "आई चुकली का?" विचारलंत तर वर्गात दोन तट पडतात आणि पुस्तक बाजूला राहतं. "क्लाराने हुबेहूब नक्कल केली, तरी काय राहून जाईल?" असं विचारा. उत्तरं कागदावर घेऊन शेवटच्या भागापर्यंत जपून ठेवा. ते विशेष काही जोसीच्या आत नव्हतं, तिच्यावर माया करणाऱ्यांत होतं, हे क्लारा तिथे म्हणते. आधी फोडू नका. जोसीची बहीण वारलेली आहे. वर्गात कुणाच्या घरी नुकतं काही झालं असेल तर त्या मुलाला आधी एकट्याला कल्पना द्या. आईवडील मुंबईला असलेल्यांना घरची उदाहरणं विचारू नका.
आणि चौथा भाग गणपतीच्या सुट्टीआधी संपवा. सुट्टीनंतर कूटिंग्ज मशीन (धूर सोडून ऊन अडवणारं यंत्र) कुणाच्या लक्षात राहत नाही.