मदत हवी आहे: रिकॉल झालेली पॉवर बँक परत कशी करायची?

खटपट्या
कंपनीने पॉवर बँक परत मागवली आहे. फॉर्म सीरियल नंबरशिवाय पुढे सरकत नाही, आणि मागची छपाई पुसट झालीय. कुरियरवाल्याने बॅटरी म्हटल्यावर पार्सल घेतलंच नाही. आता काय करू? कृपया लवकर सांगा.

सर्किट
मॉडेल यादीत आहे एवढ्यावरून ठरवलंत की लॉट (एकाच वेळी बनलेल्या मालाचा गट) जुळवलात? रिकॉल बहुतेक वेळा ठरावीक काळातल्या उत्पादनापुरताच असतो. क्षमता किती? चार्ज किती उरलाय? कुरियरने नाकारलं ते बरोबरच केलं. दोषामुळे परत मागवलेल्या लिथियम बॅटऱ्या हवाई मालवाहतुकीत चालत नाहीत.

खटपट्या
२०,००० एमएएच. मॉडेल यादीत आहे. लॉट कुठे लिहिलेला असतो?

मंजिरी_
सहसा सीरियल नंबरच्या आसपास, नाहीतर खोक्यावरच्या बारकोड स्टिकरवर. खोकं नसेल तर अंधारात टॉर्च अगदी तिरपा धरा, मोबाइलने जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. पुसट शाईचा ठसा दिसतो. थिनर किंवा स्पिरिटने पुसू नका, उरलीसुरली शाईही जाईल. तरीही जमलं नाही तर फॉर्म सोडा; बिल आणि चारही बाजूंचे फोटो ईमेलने पाठवा.

प्रवासी_पक्षी
विमानात १०० वॉट-अवरपर्यंत चालते. २०,००० एमएएच × सेलचे ३.७ व्होल्ट ÷ १००० = ७४ वॉट-अवर, म्हणजे हातातल्या बॅगेत नेता येईल.

सर्किट
ते चांगल्या बॅटरीसाठी. रिकॉल झालेली हातातल्या बॅगेतही नेऊ नये.

अवकाळी
एवढा खटाटोप कशाला? मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, डिस्चार्ज होते. मग कचऱ्यात टाका.

सर्किट
@अवकाळी, हा सल्ला कृपया कुणी पाळू नका. मिठाच्या पाण्यात टर्मिनल गंजून तुटतात आणि विद्युतप्रवाह थांबतो. सेल आत भरलेलाच राहतो, आपल्याला मात्र वाटतं संपला. शिवाय हायड्रोजन सुटतो. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला की तोच सेल पेटतो.

अवकाळी
मग यूएसबी पंखा लावून संपवा.

खटपट्या
पंखा आहे, लावतो. थोडी फुगलीय, टेबलावर ठेवली की डुलते. त्याने फरक पडतो का?

सर्किट
पडतो! हे आधी सांगायला हवं होतं. पंखा लावू नका, चार्जही करू नका. आत इलेक्ट्रोलाइटचं (सेलमधल्या रासायनिक द्रवाचं) विघटन होऊन वायू साठलाय. दाबू नका, टोचू नका. धातूच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वायूला वाट हवी. डबा लाकडी कपाट, ऊन आणि बाहेर पडायचा दरवाजा यांपासून दूर असू दे.

मंजिरी_
वाळूने आग पसरत नाही, पण विझतही नाही. तापलेल्या कॅथोडमधूनच (सेलच्या धन बाजूच्या थरातून) ऑक्सिजन सुटतो, त्यामुळे नुसतं गुदमरवून भागत नाही. थंडावा लागतो, म्हणजे भरपूर पाणी.

अवकाळी
लिथियमवर पाणी? भडका उडेल.

मंजिरी_
भडका धातुरूप लिथियमचा उडतो. लिथियम-आयनवर पाणी चालतं. पण धूर दिसला तर आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असू शकतो.

निवडक
नवीन घेताना लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. वजन जास्त, पण रसायन बरंच स्थिर.

सर्किट
नवीन कोणती हा प्रश्नच नाहीये. @खटपट्या, कंपनीला 'फुगली आहे' असं लेखी कळवा आणि विशेष पॅकिंग पाठवता का ते विचारा. नाही म्हणाले तर घातक कचरा संकलन केंद्राला आधी फोन करा. साध्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाकू नका. पर्याय दिला तर बदलीऐवजी पैसे मागा. २०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट ७ चे बदलून दिलेले फोनही पेटले होते.

खटपट्या
वाळूत ठेवली. टॉर्चने नंबर दिसला, पण शेवटचा अंक ३ की ८ कळत नाही.

मंजिरी_
दोन्ही टाकून बघा. एक जरी यादीत निघाला तरी रिकॉलमधलीच धरा आणि फोटोसकट दोन्ही नंबर कळवा.