राज्याभिषेकाची मिरवणूक आणि सहा जणांची अटक: चूक पोलिसांची की कायद्याची?

नीरा

६ मे २०२३ ला लंडनमध्ये तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. त्या दिवशी सकाळी, मिरवणूक निघायच्या बऱ्याच आधी, ट्रफाल्गर चौकाजवळच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये 'रिपब्लिक' या राजेशाहीविरोधी संघटनेचे लोक गाडीतून फलक उतरवत होते. पोलिसांनी तिथेच सहा जणांना अटक केली. संघटनेचे प्रमुख ग्रॅहम स्मिथ त्यांत होते. निमित्त काय, तर फलक बांधायला आणलेले सामानाचे पट्टे. या पट्ट्यांनी कुणीतरी स्वतःला जखडून घेईल असा संशय होता. सुटका व्हायला सोळा तासांपर्यंत वेळ लागला. तोवर मिरवणूक, अभिषेक, राजवाड्याच्या सज्जातलं दर्शन, सगळं आटोपलं होतं. दोन दिवसांनी पोलिसांनी कारवाई मागे घेतली आणि हे सहा जण निदर्शनांना पोचू शकले नाहीत याबद्दल खेद व्यक्त केला.

पोलिसांवर टीका पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. पण या प्रकाराचं मूळ कायद्याच्या शब्दांत आहे असं माझं ठाम मत आहे. 'पब्लिक ऑर्डर ॲक्ट २०२३' ला राजाची संमती २ मे रोजी मिळाली, जखडून घेण्याची कलमं ३ मे रोजी लागू झाली आणि ६ मे रोजी त्यांचा वापर झाला. कलम १ प्रमाणे स्वतःला माणसाला, वस्तूला किंवा जमिनीला जखडून घेणं हा गुन्हा आहे, पण त्यातून गंभीर व्यत्यय आला पाहिजे किंवा येण्याजोगा असला पाहिजे, शिवाय तसा हेतू किंवा बेपर्वाई हवी. कलम २ ची पायरी याच्या कितीतरी खाली आहे. घराबाहेर एखादी वस्तू जवळ असणं आणि ती अशा गुन्ह्यात 'वापरली जाऊ शकेल' असा हेतू असणं, एवढंच पुरे. ती तुम्हीच वापरायला हवी असंही नाही, 'कोणत्याही व्यक्तीने' वापरली तरी चालते. प्रत्यक्ष गुन्हा करतानाच वापरायला हवी असंही नाही, 'त्या संबंधात' वापरली तरी चालते. एका वाक्यात तीन ठिकाणी दोर सैल सोडलाय. अशा कलमाखाली पट्टा, दोरी, कुलूप, सायकलची साखळी यांतलं काहीही हातात सापडलं की हेतूचा अंदाज रस्त्यावरचा शिपाई बांधणार.

आणि या कलम २ ची शिक्षा काय? फक्त दंड. ज्या गुन्ह्याला एक दिवसाचाही तुरुंगवास नाही, त्याच्या संशयावरून माणसं दिवसभर कोठडीत राहिली.

शिरवळकर

दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण इथे सगळे एकाच अंगाने लिहितील असं दिसतंय.

अटकेसाठी पुरावा लागत नाही, वाजवी संशय लागतो. पुरावा खटल्याच्या वेळी. पोलीस आयुक्त मार्क रोली यांनी नंतर लिहिलं ते हेच, की हेतू निःसंशय सिद्ध होणार नाही म्हणून खटला नाही, पण त्या घाईच्या प्रसंगी अधिकाऱ्यांनी जे केलं त्याला आपला पाठिंबा आहे. यात मला विसंगती दिसत नाही.

मिरवणूक कसली होती तेही बघा. जाताना सहा घोड्यांचा रथ, येताना सोन्याचा मुलामा दिलेला जुना राजरथ. हा दुसरा रथ सुमारे चार टन वजनाचा, आठ घोड्यांचा, चालीच्या वेगापलीकडे न जाणारा. मागे-पुढे शेकडो लष्करी घोडे. त्याच दिवशी राजवाड्याकडे जाणाऱ्या 'द मॉल' या रस्त्यावर एक घोडा बिथरून मागे सरकत कठड्यावर गेला, आणि तो कुणीही न डिवचता. १९८१ साली राणीच्या संचलनाच्या वेळी एकाने सहा कोरी काडतुसं झाडली होती, आणि ती कोरी आहेत हे त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हतं. असा इतिहास असताना बंदोबस्तावरचा अधिकारी 'बघू काय होतं ते' म्हणत थांबू शकत नाही.

कोर्टही पोलिसांच्या बाजूने गेलेलं आहे. २९ एप्रिल २०११ च्या राजपुत्र विल्यमच्या लग्नादिवशी शांतताभंग होईल म्हणून काही जणांना आधीच उचललं होतं, लग्न पार पडल्यावर सोडून दिलं, आरोप कुणावरच ठेवला नाही. त्यांच्यातले चौघे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'हिक्स' खटल्यात निकाल लागला, अटक कायदेशीर. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही.

नीरा

शिरवळकर, हिक्सचा दाखला बरोबर आहे, पण तो पुरता वाचला तर तुमच्या विरोधात जातो. त्या चौघांना अडीच ते साडेपाच तास ठेवलं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं ते याच आधारावर की अटकाव थोड्या वेळापुरता होता आणि गरज संपताच सोडलं. इथे सोळा तास. शिवाय तिथे मुद्दा शांतताभंगाचा होता, त्याला हिंसेचा धोका लागतो आणि तोही अगदी तोंडावर आलेला. पट्ट्याच्या कलमाला यांपैकी काहीच लागत नाही. म्हणूनच ते कलम पोलिसांना सोयीचं आहे.

दुसरं, तिथल्या पोलीस कायद्याच्या (१९८४) कलम २४ मध्ये वाजवी संशय ही अर्धीच अट आहे. अटक 'आवश्यक' का, हेही दाखवावं लागतं. नाव-पत्ता कळत नाही, माणूस पळून जाईल, इजा करील, तपासात अडथळा येईल, अशी ठरलेली कारणं आहेत. स्मिथ कोण हे पोलिसांना माहीत होतं, त्यांची पोलिसांशी चार महिने बोलणी चालू होती. पट्टे काढून घेतले असते तर धोका तिथेच संपत होता. मग कोठडीची गरज कुठे उरली? कोठडीत पहिली फेरतपासणी सहा तासांच्या आत व्हावी लागते, नंतर दर नऊ तासांनी. त्या तपासणीत 'अजून ठेवायचं कशासाठी' याचं उत्तर लिहावं लागतं.

मंदार_क

कायदा आणि हक्क यांवर दोघांनी चांगलं लिहिलंय, पण नेमकं फिसकटलं कुठे ते कुणी सांगितलं नाही.

लंडन पोलिसांत निदर्शकांशी बोलणी करणारं वेगळं पथक असतं, निळ्या जाकिटातलं. रिपब्लिकची बोलणी त्या पथकाशी महिनोन् महिने चालू होती. पोलिसांच्याच निवेदनात म्हटलंय की अटक करणारे त्या पथकातले नव्हते, पथक सेंट मार्टिन्स लेनमध्ये हजर नव्हतं, आणि अडवलेल्या लोकांपैकी निदान एक जण पोलिसांशी आधीपासून बोलत होता हे त्या वेळी स्पष्ट झालं नव्हतं. म्हणजे एका कार्यालयात ठरलेली गोष्ट गल्लीतल्या तुकडीपर्यंत पोचलीच नाही. त्या दिवशी साडेअकरा हजारांहून जास्त पोलीस रस्त्यावर होते. अशा बंदोबस्तात प्रत्येक तुकडीला सकाळी जे सांगितलं जातं त्यावरच ती चालते, आणि त्या आठवड्यात वरून जाहीर झालेलं धोरण होतं की व्यत्यय फारसा खपवून घ्यायचा नाही.

निदर्शनं भरवणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं ते थेट लिहितो. इंग्लंडमध्ये मोर्चा असेल तर पूर्ण सहा दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते, एका जागी उभं राहायचं असेल तर कायद्याने सूचनेची गरज नाही. तरीही सामान येणार असेल तर यादी लेखी द्या: फलक किती, काठ्या कशाच्या, बांधायला काय, कर्णे किती. गाडीचा नंबर, उतरवायची जागा आणि वेळ द्या. त्या यादीची पोच घ्या आणि तिची छापील प्रत गाडीत ठेवा, कारण फोन अटकेत पहिल्यांदा जातो. सर्वात महत्त्वाचं, बोलणी करणाऱ्या पथकातला एक अधिकारी सामान उतरवताना तिथे उभा राहील अशी मागणी करा. तो नाही म्हणाला तर ते नाही म्हणणंसुद्धा लेखी घ्या. नुसत्या विश्वासावर सोडलं की असं होतं. आणि पट्टे आणूच नका. फलक खोक्यात आणा, सुतळीने बांधा, सुतळी गाडीतच कापून टाका.

प्रांजळ

शिरवळकरांच्या घोड्यांच्या मुद्द्यावर. पोलिसांचं म्हणणं होतं की मिरवणुकीतले घोडे बुजवायला रेप अलार्म (हल्ला झाल्यास कर्कश आवाज करणारं खिशातलं यंत्र) वापरले जाणार अशी गुप्त माहिती मिळाली होती. त्या माहितीवर मध्यरात्रीनंतर सोहो भागात तीन स्वयंसेवकांना उचललं. ते वेस्टमिन्स्टर नगरपालिकेच्या 'नाइट स्टार्स' उपक्रमातले होते. रात्री उशिरा एकट्या पडलेल्या, नशेत असलेल्या बायकांना सुखरूप घरी पोचवणं हे त्यांचं काम. चपला वाटणं, पाणी देणं, अलार्म वाटणं. संशय कोणता, तर सार्वजनिक उपद्रवाचा कट. २०२२ च्या कायद्यात त्या उपद्रवाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खबर खरी असेलही, पण शहराच्या कोणत्या भागात कोण काय वाटतं हे पोलिसांना आधीच ठाऊक असायला हवं होतं, कारण तो उपक्रम पोलिसांच्या सहकार्यानेच चालतो. हवेतली खबर आणि हातातली वस्तू यांची गाठ घातली की माणूस गुन्हेगार ठरतो. पट्ट्यांच्या बाबतीत हेच झालं.

गोदाकाठ

एक मुद्दा आपल्या मातीतला. १७ नोव्हेंबर १९२१ ला याच चार्ल्सच्या आजोबांचे थोरले भाऊ, तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड, अपोलो बंदरावर उतरले. मुंबईत हरताळ होता, परळला विदेशी कापडाची होळी झाली. स्वागताला गेलेले पारशी, अँग्लो-इंडियन, ज्यू परतताना जमावाच्या तावडीत सापडले, मग उलट हल्ले झाले. काही दिवसांत पन्नासहून जास्त माणसं गेली. गांधीजींनी उपोषण केलं तेव्हा आग निवाली. राजघराण्याची मिरवणूक आणि तिला विरोध ही जोडी धोकादायक होऊ शकते हे मुंबईने पाहिलेलं आहे. त्यामुळे बंदोबस्तवाल्यांची भीती मी फुकाची म्हणणार नाही.

आणि आपल्याकडे काय वेगळं आहे? मंत्र्यांचा दौरा असला की आदल्या रात्री कार्यकर्त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली नोटिसा, सकाळी कलम १७० खाली ताब्यात, संध्याकाळी सुटका. पूर्वी याच कलमांचे आकडे १४९ आणि १५१ होते. सोळा तासांनी लंडनमध्ये एवढा गदारोळ झाला, इकडे ते रोजचं आहे.

नीरा

गोदाकाठ, १९२१ चा दाखला मोलाचा आहे, पण तिथे दगड, लाठ्या आणि दुकानांची लूट होती, ते गुन्हे तेव्हाही होते. फलक उतरवणाऱ्यांशी त्याची तुलना होत नाही.

१७० बद्दल मात्र एक बारकावा. ते फक्त दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याच्या बेतासाठी आहे. इतर कायद्यांखालच्या, फक्त दंडाच्या गुन्ह्यांना आपल्या संहितेच्या परिशिष्टात अदखलपात्र धरलं जातं. म्हणजे ब्रिटनचं कलम २ जसंच्या तसं इथे असतं, तर त्यावरून १७० लावता आलं नसतं. पोलीस ठाण्यात बसवून ठेवणं आपल्याकडे चालतं हे खरं, पण ते कायद्याला वळसा घालून चालतं. तिकडे तो वळसाच कायदा करून टाकला.

शिरवळकर

कायद्याची गरज का पडली तेही सांगा ना. २०२१ मध्ये रस्त्यांना हात चिकटवून बसण्याची आंदोलनं झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनभोवतीच्या एम २५ महामार्गावरच्या कमानींवर लोक चढले, चार दिवस वाहतूक विस्कळीत. नळीत हात घालून आत साखळी अडकवली की सोडवायला खास पथक, करवती आणि कित्येक तास लागतात. राजरथाच्या वाटेवर असा एक जण जरी बसला तरी आठ घोडे गर्दीच्या मधोमध उभे राहतात. घटना घडून गेल्यावर अटक करून काही उपयोग नाही, म्हणून तयारीलाच गुन्हा ठरवलं.

आणि निदर्शनं बंद पाडली हे खोटं आहे. ट्रफाल्गर चौकात पहिल्या चार्ल्सच्या पुतळ्यापाशी, ज्याचं १६४९ मध्ये मुंडकं उडवलं त्याच राजाच्या पुतळ्यापाशी, पिवळे फलक घेऊन शेकडो लोक दिवसभर 'आमचा राजा नाही' ओरडत होते. राजाने ते ऐकलंही असेल. ६४ अटकांपैकी ५२ व्यत्ययाच्या संशयावरून झाल्या, गर्दी लाखोंची होती.

मंदार_क

शेकडो होते हे खरं. पण त्यांचे कर्णे, गाडीतले फलक आणि नेता कोठडीत होते.

तयारीला गुन्हा ठरवणं समजू शकतं. घरफोडीची हत्यारं बाळगणं पूर्वीपासून गुन्हा आहेच. पण घरफोडी म्हणजे काय याबद्दल वाद नसतो. इथे मूळ गुन्हा 'गंभीर व्यत्यय' या शब्दांवर उभा आहे आणि कलम ३४ मध्ये त्याची व्याख्या आहे, 'किरकोळापेक्षा जास्त' अडथळा. याच व्याख्येने जून २०२३ मध्ये गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी १९८६ च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टमधली मोर्च्यांवर अटी घालण्याची मर्यादा खाली आणली, तीही नवा कायदा न करता, नियमांच्या मार्गाने. 'लिबर्टी' ही नागरी हक्कांची संघटना न्यायालयात गेली. २१ मे २०२४ ला ते नियम रद्द झाले आणि २ मे २०२५ ला अपील न्यायालयानेही सरकारचं अपील फेटाळलं.

हे वाचून पुष्कळ जण समजतात की प्रश्न मिटला. मिटलेला नाही. रद्द झाले ते नियम. पट्ट्याचं कलम संसदेने थेट मंजूर केलेलं आहे, त्यात 'किरकोळापेक्षा जास्त' तसंच आहे. उलट संशय नसताना झडती घेण्याचं कलम ११ राज्याभिषेकाच्या दिवशी लागू नव्हतं, ते डिसेंबर २०२३ मध्ये झालं. आता निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी एखाद्या भागासाठी २४ तासांपर्यंतचा आदेश काढू शकतो, अधीक्षक तो आणखी २४ तास वाढवू शकतो. आदेश असला की गणवेशातला शिपाई कोणतंही कारण न देता तुमची पिशवी उघडू शकतो. पुढच्या मिरवणुकीला जाणाऱ्याने आदेशाची हद्द आणि वेळ आधी विचारून घ्यावी, झडतीची नोंद मागून घ्यावी (ती मागण्याचा हक्क आहे), आणि पिशवीत काय आहे ते घरून निघताना पाहून घ्यावं.